शून्य अपलोड आणि सुखदाचं डोहाळजेवण

इंदिरापुरम, गाझियाबाद
मंगळवार, २७ नोव्हेंबर २००७

आदरणीय उल्हासराव,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे सध्या तो उभ्याउभ्याच घालतो आहे, तरी पूर्ण धरावा.) तुमचा रक्तदाब, अलकावहिनींची कंबर आणि तुमच्या सोसायटीतलं पाण्याचं भांडण ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. म्हणजे तुमची बहीण सुखरूप आहे आणि मी गोंधळलेला आहे; पण गोंधळ हा काही आजार नव्हे, तेव्हा सुखरूपच म्हणायचं. थंडी पडायला लागली आहे. सकाळी बाल्कनीतून समोरचा टॉवर दिसत नाही. गेल्या वर्षीही दिसत नसे, पण तेव्हा तो बांधलेला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, घरात कॉम्प्युटर असताना हा गृहस्थ चार पानं हातानं का लिहीत बसला आहे? कारण असं, की कॉम्प्युटरचं आणि माझं सध्या बोलणं बंद आहे. तो त्याच्या कोपऱ्यात असतो, मी माझ्या खुर्चीत असतो, आणि मधून जाताना मी त्याच्याकडे बघत नाही. नीला म्हणते, निर्जीव वस्तूवर कसला राग धरता. पण ज्या वस्तूमुळे माझ्या मुलीचं डोहाळजेवण वाया गेलं, ती निर्जीव आहे म्हणून तिला सोडून द्यायचं हे मला पटत नाही. सगळं पहिल्यापासून सांगतो, म्हणजे चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा. मला ठरवता आलेलं नाही, आणि मी चौतीस वर्षं ऑडिट खात्यात लोकांच्या चुका शोधण्याचाच पगार घेतला आहे.

पुष्करला त्याच्या नोएडाच्या कंपनीनं सहा महिन्यांसाठी चेन्नईला पाठवलं हे मी कळवलं होतंच. जाताना तो कॉम्प्युटर चालूच ठेवून गेला. बंद करायचा नाही, अशी सक्त ताकीद, कारण त्यावर फाइली वाटून घेण्याचं एक सॉफ्टवेअर चालू होतं आणि त्यातून कुठल्याशा इंग्रजी मालिकेचे सहा वर्षांचे भाग घरी यायचे होते. गावाला जाणारा माणूस शेजाऱ्याकडे गाय बांधून जातो ना, तसा हा माझ्याकडे हे बांधून गेला. सकाळी उठून बघायचं, चालू आहे ना, हिरव्या पट्ट्या पुढे सरकतायत ना. मी सेवानिवृत्त माणूस, मला काय, मी दात घासायच्या आधी बघत असे.

हे सॉफ्टवेअर काय असतं ते थोडक्यात सांगतो. (थोडक्यात सांगण्याचा हा माझा तिसरा प्रयत्न. पहिला मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीवर केला. ते तेव्हापासून लिफ्टऐवजी जिन्यानं जातात.) तुम्हाला एखादी फाइल हवी असेल तर ती एका दुकानातून येत नाही. जगात ज्यांच्या ज्यांच्याकडे ती आहे, ते सगळे तिचा एकेक तुकडा तुम्हाला देतात. आणि त्याच वेळी तुमच्याकडे आलेले तुकडे इतर लोक तुमच्याकडून नेतात. येणं म्हणजे डाउनलोड, जाणं म्हणजे अपलोड. हे चोरीत मोडतं की देवाणघेवाणीत, असं मी पुष्करला स्पष्ट विचारलं होतं. तो म्हणाला, बाबा, आवाज तुटतोय. फोन तर लँडलाइनचा होता.

नीलाला मात्र हे अर्ध्या मिनिटात समजलं. ती म्हणाली, म्हणजे चड्ढाबाईंचा डबा. आमच्या शेजारच्या चड्ढाबाई राजमा पाठवतात, स्टीलच्या डब्यातून. तो डबा रिकामा परत करायचा नाही, ही तुमच्या आईंची शिकवण, म्हणून त्यातून नारळाच्या वड्या जातात. मग वड्यांचा डबा रिकामा कसा पाठवायचा म्हणून चड्ढाबाई त्यातून कढी-पकोडे पाठवतात. आम्ही इथे राहायला आल्यापासून तो डबा असा हिंडतो आहे, आणि मुळात तो कोणाचा हे आता दोन्ही घरांत कोणालाच आठवत नाही. जगभर हेच चाललं असेल तर चांगलंच आहे की, असं तुमच्या बहिणीचं मत पडलं. मी म्हटलं, अगं, चड्ढाबाई एकच आहेत, इथे ब्राझील आहे.

खरंच आहे हो. सॉफ्टवेअरमध्ये एक तक्ता दिसतो. आपल्याकडून कोण काय नेतंय त्याची यादी आणि प्रत्येकापुढे त्याच्या देशाचा छोटा झेंडा. ब्राझील, फिनलंड, पोलंड. मी रोज चहा घेऊन तिथे बसू लागलो. तो पोलंडचा तर भारी चिकट; सोमवारी बसला तो गुरुवारी उठला. फिनलंडचा भला माणूस, अर्धं न्यायचा, अर्धं द्यायचा. ब्राझीलवाले नुसते न्यायचे. तुम्ही सत्त्याऐंशी साली वहिनींचं सगळं माहेर घेऊन आमच्या दिल्लीतल्या रामकृष्णपुरमच्या क्वार्टरमध्ये आला होतात, आग्रा-मथुरा-हरिद्वार करून, त्याची मला सारखी आठवण येई. (गैरसमज नसावा. आम्हाला फार आनंद झाला होता. मी तेव्हा पंधरा दिवस गच्चीवर झोपलो तेही आनंदानंच, आणि असल्या गोष्टींची परतफेड कधी मनातसुद्धा आणू नये.)

तर आता लाइनीचं. आमचं इंटरनेट केबलवाल्याकडून येतं. पुष्करनं समजावलं होतं की तारेत येणारा रस्ता रुंद असतो आणि जाणारा रस्ता म्हणजे गल्ली असते. त्या गल्लीतून परदेशी पाहुणे सामान न्यायला लागले, की आपलं बोलणं बाहेर पडायला जागा उरत नाही. म्हणून त्यानं जाताना एका चौकटीत पाच हा आकडा भरून ठेवला होता. सेकंदाला पाच किलो एवढंच बाहेर जाऊ द्यायचं. (कसले किलो ते विचारू नका, मी विचारून पस्तावलो.) या पाचाच्या कृपेनं आमचं दर रविवारी सुखदाशी बोलणं बिल्कुल व्यवस्थित होत होतं. ती आणि जयेश बॉस्टनजवळ एका गावी असतात. आमची रविवार संध्याकाळ म्हणजे त्यांची रविवार सकाळ. कॅमेऱ्यात ती दिसे, तिला आम्ही दिसत असू, मी तिला तिकडचं हवामान विचारत असे आणि तिनं सांगितलेलं मला आधीच ठाऊक असे.

सुखदाला सातवा महिना लागला हे तुम्हाला माहीत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण तिला विमानात बसायची परवानगी नाही, म्हणून माहेरानंच तिकडे जायचं असं ठरलं. जानेवारीत निघून एप्रिलपर्यंत राहायचं. तिकिटं जयेश काढणार होता. नीलाचं डिंक, खारीक, अळीव जमवणं दसऱ्यापासून चालू आहे; घराला वैद्याच्या दुकानाचा वास येतो. मी माझा जाड कोट ड्रायक्लीन करून आणला. माझ्या तिकिटाबद्दल कोणी वेगळं काही बोललं नव्हतं, पण त्यात बोलायचं काय? माहेर म्हणजे आई-बाप दोन्ही, असा माझा समज होता.

डोहाळजेवण मात्र नीलाला इथूनच करायचं होतं. कॅमेऱ्यावर. परवाचा रविवार ठरला. इथल्या मराठी मंडळातल्या सहा-सात जणी बोलावल्या. विजयाताई गाणी म्हणायला, पद्मजाबाई कोशिंबिरीला. पुष्करचे मोठे स्पीकर लावले, कारण सुखदाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जायला हवं. टेबलावर नीलानं ओटीचं सामान, फुलं, आणि झाकलेल्या दोन वाट्या मांडल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. गर्भारशीनं एक वाटी निवडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. नीला आठ दिवस त्याच तयारीत होती. इतकी खूश तिला मी पुष्करच्या नोकरीच्या वेळीही बघितली नव्हती.

आणि उल्हासराव, इथे मी लक्ष घातलं.

माझा विचार सरळ होता. एरवीच्या रविवारी पाच ठीक आहे. पण आज गाणी आहेत, ओटी आहे, सात बायका एकदम बोलणार आहेत. तर आजच्यापुरतं बाहेर जाणं संपूर्ण बंद करावं, पोलंडला आणि ब्राझीलला एक दिवस सुट्टी द्यावी, आणि सबंध गल्ली आपल्या लेकीसाठी मोकळी ठेवावी. नीलाला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. म्हणाली, घेणं चालू ठेवायचं आणि डबा रिकामा पाठवायचा, तोही नेमका आज? मी म्हटलं, एक दिवस फिनलंडला वड्या नाही मिळाल्या तर आकाश कोसळत नाही. दुपारी जेवून मी त्या चौकटीतला पाच पुसला आणि तिथे शून्य लिहिलं. ओके दाबलं. मनाला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एवढं निर्मळ शून्य मी सबंध नोकरीत कोणाच्या हिशेबात पाहिलं नव्हतं. मग मी तासभर झोपलो.

संध्याकाळी सात वाजता सगळ्या जमल्या. पडद्यावर सुखदा आली. हिरवी साडी, आणि जयेशनं दुकानातून कसली तरी जांभळी फुलं आणून तिला वाडी भरली होती; जराशी वाकडी, पण जावयानं केलेली म्हणून सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. आम्हाला ती स्पष्ट दिसत होती, तिचा श्वाससुद्धा स्पीकरवर ऐकू येत होता. विजयाताईंनी गाणं सुरू केलं. दोन कडवी झाली तरी सुखदा तशीच, मान पुढे काढून बघतेय. मग म्हणाली, आई, तू हलत का नाहीस? नीला हलली. सुखदा म्हणाली, आई, तुझं तोंड उघडं राहिलंय. नीलानं तोंड मिटलं. पण तिकडे ते उघडंच राहिलं होतं. आमच्याकडून गाण्यातला एखादा "डो" पोचे, मग मोठी शांतता, मग आणखी एक "डो". पोरगी बिचारी हसत होती आणि मान डोलावत होती.

वाट्यांच्या वेळी तर कहर झाला. नीलानं दोन्ही हातांत दोन वाट्या धरून विचारलं, कोणती? तो प्रश्न बहुधा अटलांटिकमध्येच राहिला. इकडे सुखदा जयेशला म्हणाली, चहाचा कप तो उजवीकडचा दे. पद्मजाबाई म्हणाल्या, उजवी म्हणाली. विजयाताई म्हणाल्या, तिची उजवी की आपली उजवी? मी म्हटलं, मुळात ती कपाबद्दल बोलत होती. त्यावर माझ्याकडे सगळ्यांनी असं बघितलं की मी स्पीकरची बटणं पुसू लागलो. त्या गडबडीत कोणीतरी दोन्ही झाकणं काढली, आणि नातू की नात हा प्रश्न अजून वादातच आहे. मी मध्येच केबलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "अंकलजी, सिग्नल तो फुल आ रहा है." मी म्हटलं, आ रहा है, जा नहीं रहा. तो म्हणाला, जाने का तो पता नहीं चलता.

मी लाइन तोडून परत लावायला उठलो, एवढ्यात सुखदानं दोनतीनदा हॅलो हॅलो केलं आणि जयेशला म्हणाली की कट झालं वाटतं. कट झालं नव्हतं. तिला आम्ही ऐकू जात नव्हतो, ती आम्हाला चांगली ऐकू येत होती, पुष्करच्या मोठ्या स्पीकरांवर. ती खुर्चीत मागे टेकली, फुलं काढायला लागली, आणि म्हणाली:

"जयेश, एक सांगू? आईचंच तिकीट काढ. बाबा नकोत."

खोलीत आठ माणसं होती. पद्मजाबाई एकदम म्हणाल्या, कोशिंबिरीत लिंबू किती छान पडलंय. कोशिंबीर त्यांनी स्वतःच केली होती आणि तिच्यात दही होतं. विजयाताई ओटीचे तांदूळ नीट करू लागल्या. मी म्हटलं, बाल्कनीतली तार बघून येतो, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. आमच्या बाल्कनीत तार नाही.

उल्हासराव, वाईट वाटलं. शब्द फिरवत नाही, फार वाईट वाटलं. पाय गार पडले तरी मी आत गेलो नाही. तिथे उभं राहून मी माझ्याविरुद्धचे सगळे आक्षेप आठवत होतो, जसे मी दुसऱ्यांचे काढत असे. दोन वर्षांपूर्वी आम्ही महिनाभर त्यांच्याकडे राहिलो होतो. तेव्हा मी त्यांचे मसाल्याचे डबे वर्णानुक्रमे लावले, हे खरं आहे. (मराठी वर्णानुक्रमे. जयेश नागपूरकडचा असला तरी मिशनच्या शाळेतला, त्याला हळद शेवटपर्यंत सापडली नाही.) कोणत्या खोलीत दिवा जळत राहिला ते मी रोज जेवताना सांगत असे, हेही खरं. त्यांचं गॅरेज मी न विचारता आवरलं आणि त्यात जयेशचं काहीतरी महत्त्वाचं गेलं. पण हे सगळं मी त्यांचा भार हलका व्हावा म्हणून केलं हो. आणि बाळंतपणात मी काय करणार होतो? बाहेर बसलो असतो. बाळाला धरलं असतं. मला बाळ धरता येतं. पुष्कर आणि सुखदा दोघांनाही मी न पाडता मोठं केलं आहे.

सगळ्या जणी गेल्यावर पुष्करचा फोन आला, कसं झालं विचारायला. बाकीचं मी काही बोललो नाही, फक्त लाइनीबद्दल तक्रार केली. तो म्हणाला, बाबा, त्या चौकटीला तुम्ही हात लावलात का? मी म्हटलं, लावला, शून्य घातलं. मग हा हसायला लागला. उल्हासराव, त्या सॉफ्टवेअरमध्ये शून्य म्हणजे बंद नव्हे. शून्य म्हणजे अमर्याद! हवं तेवढं न्या, कोणी अडवणार नाही. मी म्हटलं, गाढवा, शून्य म्हणजे शून्य. आम्ही जन्मभर निरंक अहवाल पाठवले, त्यात शून्याचा अर्थ कोणी असा काढला असता तर अर्धं खातं तुरुंगात गेलं असतं. तो म्हणाला, चौकटीच्या खाली बघा, लिहिलेलं आहे. चष्मा बदलून बघितलं. होतं लिहिलेलं, बारीक अक्षरात. चौतीस वर्षं लोकांना मी बारीक अक्षरात लिहिलेल्या तळटिपांवर पकडलं.

मग तो तक्ता उघडला. नुसते झेंडेच झेंडे. जे देश मी कधी ऐकले नाहीत तेही आले होते. ज्या संध्याकाळी माझ्या मुलीसाठी घर मोकळं राहावं म्हणून मी जिवाचा आटापिटा केला, त्याच संध्याकाळी मीच दार सताड उघडून उभा होतो, आणि ती मालिका साऱ्या दुनियेनं आमच्या घरातून नेली. आणि नीलाचं गाणं त्या गर्दीत अडकून पडलं.

मी पुष्करला एकच विचारलं. अरे, एखाद्याला खरोखर काहीच द्यायचं-घ्यायचं नसेल, मी कोणाच्या मध्ये येणार नाही एवढंच सांगायचं असेल, तर त्यानं तिथे कोणता आकडा लिहायचा? तो म्हणाला, तसा आकडाच नाही बाबा, कमीत कमी एक लिहावा लागतो. हे कसलं शास्त्र? मी रात्रभर त्याच्यावर विचार केला, मला उलगडा झाला नाही. तुमच्याकडे कोणी जाणकार असेल तर विचारून ठेवावं.

असो. पुष्करच्या सांगण्यावरून पुन्हा पाच घातला आहे. काल सुखदाचा फोन आला, कॅमेऱ्यासकट. लाइन एकदम साफ. तिनं रविवारबद्दल हळहळ केली, गुडघा विचारला, तिकडे बर्फ पडायला सुरुवात झाल्याचं सांगितलं. तिकिटाचा विषय ती काढेना, मीही काढेना. शेवटी मीच म्हटलं की मला काही या खेपेला जमेलसं दिसत नाही, सोसायटीची वार्षिक सभा आहे, सेक्रेटरींनी सगळे हिशेब माझ्यावर टाकलेत, आईला एकटीलाच पाठवतो. ती पडद्यावर तशीच. हलेचना. मला वाटलं पुन्हा लाइन गेली, मी हॅलो हॅलो केलं. मग म्हणाली, ऐकू येतंय बाबा. आणि लगेच, जेवलात का म्हणून विचारलं.

म्हणजे एकूण सगळं छान मार्गी लागलं. नीला चौदा जानेवारीला निघेल. तिळगूळ विमानातच खाईल. तुम्ही तब्येतीला जपा, पाण्याच्या भांडणात मध्यस्थी करू नका, आणि अलकावहिनींना कंबर न वाकवता करता येईल असा माझा नमस्कार सांगा.

आपला,
पद्माकर

ता. क. सोसायटीच्या हिशेबाचं वर लिहिलं आहे ते तितकंसं खरं नाही. सेक्रेटरी मला हिशेब दाखवतसुद्धा नाहीत. तेव्हा जानेवारी ते एप्रिल मी तसा मोकळाच आहे. तुमची मागची खोली हल्ली कोणी वापरत नाही असं नीलाकडून मध्ये कानावर आलं होतं. मी फार जेवत नाही. मसाल्याच्या डब्यांना हात लावणार नाही, हे लेखी देतो. घरात एकट्यासाठी कुकर लावणं जमेल मला, पण शिट्ट्या मोजायला दुसरं कोणी नसलं की मन लागत नाही. गच्ची चालेल.

आणखी एक. तुमच्याकडे इंटरनेट आहे का, आणि केबलचं की टेलिफोनचं? बाळ झाल्यावर ते कॅमेऱ्यावर दाखवतील, तेव्हा लाइन साफ पाहिजे. माझा कॅमेरा मी घेऊन येईन. सुखदानं विचारलं तर तुम्हीच आग्रहानं बोलावून घेतलं असं सांगावं.

ता. क. (नीलाकडून) दादा, हे पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय आणि पाकीट चिकटवायचं मी विसरल्याचं नाटक केलं. खोली नक्की आवरून ठेव, आणि त्यांना डबे लावू दे, नाहीतर सुकतील. एक गोष्ट तुला आणि वहिनीलाच सांगते, त्यांच्यापाशी बोलू नकोस. रविवारी ते बाल्कनीत गेले ते फार लवकर गेले. सुखदाचं बोलणं संपलं नव्हतं. जयेशनं तिला विचारलं, बाबा का नकोत, मला तर आवडतात. तर म्हणाली, "बाबा समोर असले की मला धीट राहावं लागतं रे. दात पडला तेव्हा, हात मोडला तेव्हा, लग्नात निघताना, कधी म्हणून त्यांच्यापुढे रडले नाही. शाबास म्हणायचे ना. या वेळी मला मोठमोठ्यानं रडायचंय." आम्ही सगळ्या जणी तिथे डोळे पुसत बसलो होतो आणि हे बाहेर थंडीत तार शोधत होते. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर, पोरी, खुशाल रड, एवढं म्हणायला ते मिळेल त्या विमानानं निघतील, आणि तिच्या दारात पोचून तिच्याआधी स्वतःच रडतील.